बरोबरबाईंचा हिरवा

माझ्या आत्याने आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नाहीत: लग्न आणि चूक. लग्नाचं कुणी विचारलं तर ती सांगायची, "एक पाहिला होता. पण त्याला ग्रॅम आणि चिमूट यातला फरक कळत नव्हता." चुकीचं विचारायची कुणाची छाती नव्हती. गल्लीत तिला सगळे 'बरोबरबाई' म्हणायचे, कारण तिचं प्रत्येक दुसरं वाक्य "माझं बरोबर आहे" या शब्दांवर येऊन टेकायचं. हे नाव समोरच्या शिंप्याने ठेवलं होतं. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती रागावली नाही. "चला, एक तरी माप त्याने नीट घेतलं," एवढंच म्हणाली.

आत्याचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत चाक आणि फळ्या, मागच्या खोलीत विजेची भट्टी, मोरी आणि ग्लेझच्या, म्हणजे भांड्यांना काचेची झिलई देणाऱ्या लेपाच्या, बादल्या. मी तिच्या हाताखाली अकरा वर्षं काम करते. माझं काम वजनं करण्याचं, ढवळण्याचं आणि बोलणी खाण्याचं. तिसऱ्या कामात मी लवकर तरबेज झाले.

ज्यांनी कधी मातीत हात घातला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आत्या लाल मातीची भांडी करायची, हजार-एक अंशांवर भाजायची. कुंभारांच्या जगात याला कमी आच म्हणतात. तुमचाआमचा त्यात कोळसा होईल ते सोडा. एवढ्याशा आचेवर झिलईतली गारेची, म्हणजे गारगोटीची, पूड वितळत नाही, भांड्यावर पिठासारखी बसून राहते. तिला वितळवायला मदतनीस लागतो, टाकणखार नाहीतर शिसं. टाकणखार पाण्यात विरघळून भलतीकडे निघून जातो आणि कच्चं शिसं म्हणजे उघडउघड विष. म्हणून त्यांना आधी गारेबरोबर मुशीत वितळवायचं, तो लालभडक पाक गार पाण्यात ओतायचा, त्याचे तडतड तुकडे उडतात ते दळायचे. ही जी दळलेली काच, तिला फ्रिट म्हणतात. एकदा काच झाली की टाकणखार पळत नाही आणि शिसं बाधत नाही. निदान आत्याचं म्हणणं तसं होतं. "फ्रिट केलं की विष मेलं," असं ती इतक्या ठसक्यात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, विषाच्या अंत्ययात्रेला ही स्वतः जाऊन आली आहे.

आणि हे बोलायला तिच्याकडे कागद होता. तिचं शिशाच्या फ्रिटचं पारदर्शक ग्लेझ तिने एकदा प्रयोगशाळेत तपासून घेतलं होतं, तिथे ते पास झालं होतं. त्यानंतर तिने काय केलं, तर त्याच ग्लेझमध्ये शंभराला तीन या मापाने तांब्याची काळी भुकटी घातली. भट्टीतून जो हिरवा निघाला तो पाहायला शिंपीसुद्धा मशीन सोडून आला होता. कोवळ्या पानाचा, ओला, खोल हिरवा. बोट लावलं तर बुडेल असं वाटायचं. मी आत्याची चेष्टा खूप करते, पण त्या हिरव्याची मला कधी करता आली नाही.

तो हिरवा तिला लागोपाठ वीस वर्षं जमला आणि त्याच वीस वर्षांत तिचं माझ्या आईशी युद्ध चाललं.

झालं असं, की आम्ही घर बदललं तेव्हा आत्याने आम्हाला सोळा हिरव्या ताटल्या आणि दहा वाट्या दिल्या. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. तीन महिन्यांत ताटल्यांच्या मधोमध फिकट, चरबट कडी उमटली. आई म्हणाली, "वन्सं, तुमचा रंग उडतोय." आत्याने ताटली उजेडात धरली, नाक मुरडलं आणि निकाल दिला: "वहिनी, तुम्हाला घासता येत नाही. काथ्या वापरता तुम्ही."

आईने काथ्या टाकून स्पंज घेतला. कडं उमटलंच. स्पंज टाकून मऊ फडकं घेतलं. कडं उमटलंच. शेवटी ती साबण बोटांनी लावायला लागली, बाळाला न्हाऊ घालावं तसा. आत्या म्हणाली, "नखं वाढलीत तुमची."

माझ्या बाबांना कशावरही लिंबू पिळायची सवय आहे. सूपवर, काकडीच्या फोडींवर, टोमॅटोवर, काळ्या चहात. एकदा आईने दबकत विचारलं, "लिंबाने तर होत नसेल?" आत्या अशी हसली, की आईने लिंबाचं नाव पुन्हा काढलं नाही. "काच आहे ती. लिंबाने काच विरघळली असती तर तुमच्या खिडक्या कधीच गळून पडल्या असत्या." बाबांना दोघींनी पंच नेमलं होतं. ते म्हणाले, "मला दोन्ही रंग आवडतात," आणि दोघींकडूनही बोलणी खाल्ली. त्यानंतर त्यांनी कायमचे मूग गिळले. आई आणि आत्या एकमेकींशी थेट बोलेनाशा झाल्या. "तुझ्या आत्याला सांग" आणि "तुझ्या आईला विचार" यांची ने-आण करण्यात माझी ऐन तारुण्याची वर्षं गेली.

मग यंदा एक कॅफेवाला आला. त्याला सूपसाठी चाळीस हिरवे वाडगे हवे होते. माणूस सभ्य होता, केस बांधलेला, बोलताना हात चोळणारा. त्याने चाचणीचा अहवाल मागितला. आत्याने भिंतीवरची फ्रेम काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाला, "ताई, हा पारदर्शक ग्लेझचा आहे. मला हिरव्याचा लागेल."

"फ्रिट तेच आहे."

"असेल. पण यात तांबं नाही."

वीस वर्षांत हे वाक्य कुणीच उच्चारलं नव्हतं. आत्याही नाही आणि मीही नाही, हे कबूल करायला हवं. तिने अपमान झाल्यासारखा एक वाडगा कागदात गुंडाळला आणि प्रयोगशाळेत पाठवून दिला. दहा दिवसांनी अहवाल आला. आंबट पदार्थात शिसं सुटतं. मर्यादेच्या अकरा पट.

"यंत्र बिघडलंय त्यांचं," आत्या म्हणाली. मग यंत्राला तोंडघशी पाडायला तिने स्वतः चाचणी मांडली. एक नवाकोरा वाडगा घेतला, अर्ध्यापर्यंत व्हिनेगर ओतलं, वर काच झाकली आणि चोवीस तास कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी तिने व्हिनेगर मोरीत ओतलं, वाडगा धुतला आणि पुसला.

आत एक फिकट, चरबट कडं होतं.

मला ते ओळखायला क्षणही लागला नाही. अकराव्या वर्षापासून मी ते कडं समोर घेऊनच जेवत आले होते. आत्यानेही ओळखलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बिचारा काथ्या गेला, स्पंज गेला, आईची नखं गेली. आणि चोर मजेत कपाटात चकाकत बसला होता.

आत्याने फळीवरचं जाडं पुस्तक काढलं. शिशाच्या फ्रिटमध्ये तांबं घालू नये, घातलं तर काचेत बांधलेलं शिसं सैल होऊन आंबटात उतरतं, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. त्याच ओळीवर चहाच्या कपाचा गोल डाग होता. वीस वर्षं तिने त्या पानावर कप ठेवला होता.

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "तुझ्या आईला मी सांगेन. तू तोंड उघडायचं नाहीस."

"कधी?"

"नवा हिरवा झाला की. बिनशिशाचा. तो घेऊन जाईन. रिकाम्या हाताने मी त्या बाईपुढे उभी राहणार नाही."

"आत्या, आम्ही रोज जेवतो त्यात!"

"मग जेवू नका."

"रविवारपर्यंत," मी म्हटलं. "रविवारी तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन." अकरा वर्षांत मी तिला पहिल्यांदाच मुदत दिली होती.

घरी जाऊन मी ताटल्यांच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली हरवली म्हणून जाहीर केलं. आठवडाभर आम्ही मिळेल त्यात जेवलो. बाबा केकच्या साच्यातून सूप प्यायले आणि त्यांनी तक्रार केली नाही. आई मात्र माझ्याकडे बघत राहायची. "तुझ्या आत्याने काहीतरी केलंय," ती म्हणायची. मी पाव चावत राहायचे.

इकडे आत्या गिऱ्हाइकांकडून हिरवी भांडी परत आणायच्या मागे लागली. सुरुवात शिंप्यापासून. त्याच्याकडे दोन मग होते. "नवीन नमुना निघालाय, बदलून देते," ती गोड हसून म्हणाली. शिंपी म्हणाला, "मला जुनाच आवडतो." ती म्हणाली, "जुना आता चालत नाही." तो म्हणाला, "माझ्याकडे चालतोय की." दहा मिनिटं असं ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं. शिंप्याने मग छातीशी धरला तेव्हा तिचा संयम सुटला. "अरे गाढवा, विष आहे त्यात! शिसं सुटतं! ठेव खाली!"

शिंप्याने मग खाली ठेवला. "पण तुम्ही तर म्हणायचा, विष मेलं."

"म्हणायचे."

"मग?"

"मेलं नव्हतं."

एवढं बोलून ती परत आली आणि मोरीचा नळ उगाच सोडून उभी राहिली. त्यानंतर मात्र तिने नमुन्याची थाप कुठे मारली नाही. दंतवैद्याकडे, ग्रंथालयात, दोन शिक्षिकांकडे सरळ सांगितलं. प्रत्येक दारात तिची मान थोडी खाली जायची आणि आवाज उगाच मोठा व्हायचा. प्रत्येक ठिकाणाहून भांडी आली. फक्त एक दार राहिलं होतं, आणि ते कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर होतं.

नव्या हिरव्यासाठी तिने टाकणखाराचं तयार फ्रिट आणलं. मंगळवारी बादलीत कालवलं, वर तांबं घातलं आणि आम्ही घरी गेलो. बुधवारी येऊन पाहतो तर वर निवळशंख पाणी आणि खाली दगड. नुसतं फ्रिट असंच बसतं, त्याला तरंगत ठेवायला चिनी माती लागते. हे मला आत्यानेच शिकवलं होतं आणि ती घालायला आत्याच विसरली होती. ती बादलीत छिन्नी मारत होती आणि मधूनमधून बादलीलाच शिव्या घालत होती. दुपारपर्यंत दगड फुटला, चिनी माती पडली, चाळणीतून दोनदा गाळून झालं. गुरुवारी लावलं, शुक्रवारी भाजलं. शनिवारी भट्टी उघडली.

निळा. सुंदर, चकचकीत, निर्दोष निळा. मोराच्या मानेचा म्हणतात तसा.

"टाकणखारात तांबं निळ्याकडेच जातं," आत्या हळू म्हणाली. तिला ते ठाऊक होतं. मलाही होतं. कोवळ्या पानाचा हिरवा फक्त शिसंच देतं. तरी तिने आशेपायी सहा छोट्या चकत्यांवर वेगळी मिश्रणंही लावून पाहिली होती, कशात लोखंड, कशात क्रोम. त्या दवाखान्याच्या भिंतीसारख्या दिसत होत्या. तिने त्या एकेक करून उलट्या ठेवल्या.

रविवारी सकाळी दहाला ती आमच्या दारात उभी होती. हातात काही नव्हतं. गेल्या सहा वर्षांत ती आमच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

"या वन्सं," आई म्हणाली. "कपाटाची किल्ली हरवलीय, तेव्हा चहा साच्यात मिळेल."

"किल्ली हिच्या पर्समध्ये आहे. माझ्यामुळेच लपवलीय तिने." आत्या बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "वहिनी, तुम्ही नीट घासत होतात. कधीच काही बिघडवलं नाहीत तुम्ही. लिंबाने ग्लेझ उतरत होतं आणि त्याबरोबर शिसं उतरत होतं. तुम्ही मला लिंबाचं विचारलं होतंत, मी हसले होते. मी चुकले."

बाबांनी पेपर खाली ठेवला. मी मनातल्या मनात आईची पुढची वाक्यं तयार केली होती, वीस वर्षांचा साठा होता, दुपारपर्यंत पुरला असता. पण आई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"ही अकरा वर्षांची होती," ती म्हणाली.

"हो."

"रोज त्यातच जेवायची."

"हो. उद्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. मी डॉक्टरांशी बोलून आलेय."

"ताटल्या घ्या," आई म्हणाली, "आणि जा."

आम्ही दोघींनी पेटीत भरून ताटल्या आणि वाट्या नेल्या. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. अहवाल यायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत तिने आत्याचं नाव घेतलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. त्याची मला जास्त धास्ती वाटली.

आमचे तिघांचे आकडे मर्यादेत निघाले. बाबांचा काठावर. डॉक्टर म्हणाले, ताटलीतलं बंद झालंय, उतरेल. मग त्यांनी चौथा कागद उचलला आणि आत्याला विचारलं, "तुम्ही भांड्यांवरची पूड तोंडाने फुंकता का?" मी सांगितलं, फुंकते, चहाही तिथेच पिते, हिरव्या मगातून, लिंबू घालून. तिचा आकडा आमच्या चौपट होता. शिशाचं काम बंद, मास्क लावायचा, गोळ्या घ्यायच्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. घरी येऊन मी हे सगळं आईला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "गोळ्या घेतेय का ती?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कारखान्यात आली. मी निळ्या ताटल्या मांडत होते, आत्या मास्क लावून फळ्या ओल्या फडक्याने पुसत होती. आईने सभोवार नजर फिरवली, एका स्टुलावरची धूळ पाहिली आणि बसायचं टाळलं.

"चौपट म्हणे," ती म्हणाली. "दुसऱ्याला वाढताना आधी स्वतःलाच भरपूर वाढून घेतलंत तुम्ही."

"तुम्ही बोला, वहिनी. तुमचा हक्क आहे."

"बोलायला नाही आले." आईने पिशवीतून एक हिरवी ताटली काढली. सोळापैकी पेटीत पंधराच होत्या, आणि मोजण्यात पटाईत असलेल्या आम्हा दोघींच्या हे लक्षातही आलं नव्हतं. "ही मी ठेवून घेतली होती. चोरून ठेवायची नाही, म्हणून विचारायला आले. असा हिरवा पुन्हा होणार नाही ना?"

"नाही."

"मग ही मला हवी. भिंतीवर लावीन. खाणार नाही कुणी त्यात."

आत्याने ताटली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "असं चालणार नाही. उद्या पाहुणे येतील, ताटली कमी पडेल, तुम्ही भिंतीवरून काढाल. दादा लिंबू घेऊन बसलेलाच असेल. भोक पाडून देते. मग सूपही राहणार नाही आणि काहीच राहणार नाही."

तिने ताटली लाकडी ठोकळ्यावर ठेवली. बारीक तोंडाचं ड्रिल काढलं. माझ्याकडून चष्मा घेतला, आईला एक मास्क दिला आणि पूड उडू नये म्हणून मला वरून पाण्याची धार धरायला सांगितली. आईने दोन्ही हातांनी ताटली दाबून धरली. ड्रिल घरघरायला लागलं. हिरव्या पाण्याचा ओघळ ठोकळ्यावरून बादलीत उतरत होता आणि भोक नेमकं त्या फिकट कड्याच्या आत, मधोमध उतरत होतं. पार होताना खट्ट आवाज झाला. ताटली फुटली नाही. आत्याने ड्रिल बंद केलं.

"वहिनी," ती खाली बघतच म्हणाली, "खरं सांगा. तुम्हाला तो हिरवा आवडायचा?"

"हा काय प्रश्न झाला?" आई म्हणाली. "कडं पडायचं, तुम्ही मला नावं ठेवायचात, तरी वीस वर्षं रोज त्यातच वाढत होते. दुसरी ताटली कधी आणली का मी घरात?"

आत्याने ड्रिल पुन्हा सुरू केलं. भोक तर केव्हाच पडून झालं होतं. मी पाण्याची धार तशीच धरून ठेवली आणि आईनेही ताटलीवरचे हात काढले नाहीत.